यमू खरी का वाटते?



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी, लेखिका नव्हे. तरी गेल्या हळदीकुंकवासाठी मी एक नाटुकले लिहिले. त्यातली विधवा आरंभापासून शेवटपर्यंत रडे. अंगणात तालीम चालली असता माझ्या सासूबाई ऐकत होत्या. त्या ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. म्हणाल्या, "मी का निस्ती रडतच होती? मंग रोवना कोनं केला?" मी मान खाली घातली.

मग जुनी पुस्तके मिळवून वाचली. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षीचे. त्यातल्या विधवा भेटतात, आपले दुःख सांगतात आणि निघून जातात. त्यांचे दुःख कळते, पण त्या स्वतः कळत नाहीत.

१८९० साली हरिभाऊ आपटे यांनी 'करमणूक' पत्र काढले. त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमाने येऊ लागली. येथे यमू आपली हकिगत आपल्याच तोंडाने सांगते. ती प्रथम विधवा म्हणून भेटत नाही. भावासोबत वाढणारी पोर, मग सासरी बुजलेली सून, मग मुंबईत रघुनाथरावांसोबत सुखाचा संसार करणारी बायको अशी ती आपल्यासमोर मोठी होते. म्हणून तिचे केशवपन होते तेव्हा आपल्याच घरात कोणाचे झाले असे वाटते. लिहिणारा पुरुष होता, हे ध्यानातही राहत नाही.

मालतीबाई बेडेकर यांनी सोलापूरच्या वसाहतीत काम केले. ज्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता, अशी माणसे तेथे काटेरी तारेच्या आत राहत. ती जवळून पाहिली तेव्हा 'बळी' लिहिली गेली. ती १९५० साली प्रसिद्ध झाली.

यावरून मला एवढेच उमजले, की आधी माणूस पाहावे आणि त्याचे दुःख मागाहून लिहावे.

मी नाटुकले पुन्हा लिहिले. आता त्यातली विधवा चिखलात उभी राहून रोवणा करते, मजुरीवरून भांडते, हसते, आणि रात्री एकदाच रडते. सासूबाई हळदीकुंकवाला नेहमी आतल्या खोलीत बसत. त्या दिवशी मैत्रिणींनी त्यांना हात धरून पुढच्या सतरंजीवर बसविले. खेळ संपल्यावर त्या म्हणाल्या, "भांडन कमीच लिवलं."

पुढच्या वर्षी वाढवीन.