नाणेघाटांतील वीरांची रांग

मुलांच्या हातांतील चित्रकथांकडे आपण वडील माणसें कधीं कौतुकानें, तर कधीं नाराजीनें पाहतों. इतिहासाच्या दृष्टीनें क्वचितच पाहतों. अमेरिकेंत १९६० सालीं ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’ या कॉमिकच्या २८ व्या अंकांत सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन आदिकरून सात अचाट वीरांचा संघ प्रथम अवतरला. तीन अंकांत त्या संघाची परीक्षा झाली, आणि त्याच वर्षीं ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ या नांवाची स्वतंत्र मालिका सुरू झाली. ती १९८७ पर्यंत चालली. अशा आरंभाच्या अंकांत वीर बहुधा एकत्र उभे दाखविलेले असतात, आणि ज्याला ते परके त्याच्यासाठीं त्यांचीं नांवेंहि दिलेलीं असतात. ती रांग वाचकाला जणूं वचन देते कीं, ही कथा येथें संपावयाची नाहीं.

अशीच एक रांग आपल्या जुन्नरच्या पश्चिमेस, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, दगडांत कोरली गेली. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कड्याला भिडलेले आहेत. आंबेगावाकडून अहुपे घाट कोंकणांत उतरतो, तर जुन्नराकडून नाणेघाट. कोंकणच्या बंदरांचा माल याच नाणेघाटानें जुन्नरच्या पेठेंत चढत असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं पडत, असें लोक सांगतात. जवळच एक लेणें आहे. तें भिक्षूंच्या विहारासारखें नाहीं. त्याच्या मागच्या भिंतीवर माणसाएवढ्या मूर्तींची एक ओळ होती, आणि प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर ब्राह्मी लिपींत तिचें नांव. चित्र आणि त्यावर अक्षर, हीच ती योजना!

मूर्ति आज राहिल्या नाहींत; पावलांच्या कांहीं खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नांवें मात्र वाचतां येतात. प्रथम सातवाहन कुळाचा संस्थापक राजा सिमुक. मग देवी नागनिका आणि राजा श्रीसातकर्णि. पुढें कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुश्री आणि कुमार सातवाहन. मधलीं कांहीं नांवें झिजून गेलीं आहेत. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२८ सालीं हें लेणें पाहिलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजींनीं येथील अंकचिन्हांचा अभ्यास केला, आणि ब्यूलर या जर्मन पंडितानें १८८३ सालीं लेखाचें वाचन प्रसिद्ध केलें.

ही रांग कोणीं आणि कां उभी केली? उत्तर बाजूच्या दोन भिंतींवरील दीर्घ लेखांत सांपडतें. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून तो लेख एका राणीची ओळख करून देतो. ती वेदिश्रीची माता, महारठीची कन्या. महिना महिना उपवास करणारी, घरांत राहून तापसीचें जीवन जगणारी. पतीसह तिनें केलेले अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गांवें व कार्षापण यांची मोजदाद तेथें आहे. ही राणी नागनिकाच, पति निवर्तल्यावर मुलें लहान असतां तिनें राज्य सांभाळलें, आणि महारठी त्रणकयिर हा तिचा पिता, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे.

हें मत मान्य केलें, तर त्या रांगेचा अर्थ एकदम उजळतो. राजा गेला, कुमार लहान, आणि घाटावरून रोज परमुलखांतील व्यापारी येतात. अशा वेळीं कुळाचा संस्थापक, गेलेला राजा, माहेरचा बलाढ्य महारठी आणि उद्यांचे राजे, या सर्वांना राणीनें एका भिंतीवर उभें केलें. हें नुसतें वैभवाचें प्रदर्शन नव्हे. हें घराणें पुढें चालणार आहे, अशी ती जाहीर ग्वाही होती.

तें वचन सहज पाळलें गेलें नाहीं. पुढें क्षहरात नहपानाची सत्ता या प्रदेशांत आली. जुन्नरच्याच मानमोडी डोंगरांत त्याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा दानलेख आहे. मालिका तुटली, असेंच कोणासहि वाटलें असतें. परंतु गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाच्या नाण्यांवर आपली मुद्रा उठविली. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सांपडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकीं बरींच अशीं पुन्हां ठोकलेलीं आहेत. पुढें पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षीं, नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्राचा पराक्रम कोरविला. त्यानें सातवाहन कुळाचें यश पुन्हां स्थापिलें, असें ती सांगते. आरंभीं एक माता, संकटानंतर दुसरी माता. मत्स्यपुराण या घराण्याचे सुमारें ३० राजे मोजतें, त्या दीर्घ मालिकेच्या दोन मोक्याच्या जागीं स्त्रियांनीं कोरविलेले लेख उभे आहेत.

कागदावरील वीर मरत नाहींत. त्यांचा कर्ता त्यांना पुन्हां उठवितो. नाणेघाटांतील वीर मर्त्य होते, आणि त्यांच्या दगडी मूर्तीहि टिकल्या नाहींत. टिकलीं तीं डोक्यावरचीं अक्षरें! म्हणून श्रोतेहो, पावसाळा सरल्यावर मुलांना घेऊन त्या घाटावर अवश्य जा. त्यांच्या आवडत्या चित्रकथेचा पहिला अंक त्यांना आठवूं द्या, आणि मग त्या भिंतीपुढें उभें करा. एवढेंच सांभाळा कीं, त्या नांवांच्या शेजारीं आपलें नांव खरडण्याचा मोह कोणास होऊं नये. त्या रांगेंत जागा मिळवावयास राज्य राखावें लागलें होतें.