तंबाखूची पिशवी, महाराष्ट्रातील

तंबाखूची पिशवी : तंबाखू व ती ओढण्याची वा खाण्याची साधने अंगावर बाळगण्यासाठी वापरण्यात येणारी लहान पिशवी. महाराष्ट्रात तिची दोन रूपे आढळतात : शिंप्याने शिवलेली कापडी चंची व चर्मकाराने केलेला चामडी बटवा. पहिली गावोगाव रुळली. दुसऱ्याचा प्रसार मुख्यत्वे शहरी बाजारपेठेत आणि तोही इंग्रजी पाइपाच्या मागोमाग झाला. चामड्याच्या कामात मुरलेले कारागीर गावोगाव असताना असे का व्हावे, हा ह्या वस्तूच्या इतिहासातील खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर काही अंशी तंबाखूच्या प्रकारांत आहे. परंतु कातडे कोणाचे, कसब कोणाचे आणि त्याचा मोबदला कोणता, ह्या गावगाड्यातील व्यवस्थेकडे पाहिल्याशिवाय ते पुरे होत नाही.

तंबाखूचे रोप पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आले व सोळाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत पसरले. अकबराचा वकील असद बेग ह्याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी उत्तरेत नेऊन बादशहापुढे ठेवली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानाला मनाई केली. पण तिचा उपयोग झाला नाही. सरदारांच्या घरी हुक्का आणि गुडगुडी असे व ती सांभाळणारा नोकरही असे. सामान्य शेतकरी मातीची चिलीम ओढी. तिच्या बुडाशी ओल्या फडक्याची छापी धरून धूर घेतला जाई. चिलीम, छापी, तंबाखू आणि चकमक एवढा संसार कमरेला वा पटक्यात सामावला पाहिजे, ही गरज त्यातून निर्माण झाली. तंबाखू चुन्याबरोबर चोळून खाण्याची सवय वाढल्यावर पान, सुपारी, कात व चुन्याची डबी ह्यांची त्यात भर पडली.

ह्या गरजेला चंची हे उत्तम उत्तर होते. अनेक कप्प्यांची ही कापडी पट्टी घडी घालून नाडीने गुंडाळली जाते व कनवटीला सहज राहते. जुनेर वा खणाचा तुकडा तिला पुरत असल्यामुळे तिची किंमत नगण्य होती. महाराष्ट्रातील खाण्याची तंबाखू कोरडी असते. तिला हवा लागली तरी बिघडत नाही. पाइपाच्या तंबाखूचे तसे नाही. ती ओलसर ठेवावी लागते आणि त्यासाठी हवा अडविणारी पिशवी लागते. चामड्याच्या विरोधात आणखी एक कारण सांगता येईल. सालीने कमावलेल्या कातड्याला चुना लागला की त्यातील टॅनिन निघून जाऊ लागते आणि कातडे कडक होऊन तडकते. धातूच्या डबीतून थोडा चुना नेहमी सांडतोच. तेव्हा पान-तंबाखूच्या पिशवीसाठी कापड निवडण्यामागे काटकसरीइतकाच अनुभवही असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शिवताशिवतीच्या कल्पनेमुळे तोंडात घालण्याचा जिन्नस चामड्यात ठेवीत नसत, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. पखालीतले पाणी, बुधल्यातले तेल व तूप आणि मोटेच्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला समाजाला चालत होता. विटाळ कातड्याचा मानला जाण्यापेक्षा कातडे कमावणाऱ्या माणसाचा अधिक मानला जाई. वस्तूची गरज पडली की तो बाजूला ठेवण्याची सोयही होती.

गावातील चामड्याचे काम मोठ्या व जड वस्तूंचे होते. जुन्नर-आंबेगाव भागातील अवसरी खुर्द, मंचर वा घोडेगाव यांसारख्या गावांत विहिरीचे पाणी उपसण्यासाठी विजेचे पंप येईपर्यंत मोटेवाचून गत्यंतर नव्हते. सोंडेच्या मोटेला जनावराचे जवळजवळ सबंध कातडे लागे व सततच्या वापराने ती काही काळातच निकामी होई. मोटा शिवणे आणि सांधणे, वाद्या, आसूड, वहाणा व बैलांचा साज ही चांभाराची कामे होती. त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळे. बलुतेदारांच्या थोरल्या कासेत त्याची गणना होत असे. ह्यावरून मोटेचे महत्त्व लक्षात येते. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये चांभार, ढोर आदी समाजांच्या व्यवसायांची वर्णने दिलेली आहेत.

कातडे चांभाराच्या हाती पोहोचण्यापूर्वी त्याचा प्रवास मोठा असे. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांकडे होते आणि कातड्यावरचा हक्क हा त्यांच्या वतनी हक्कांपैकी एक असून त्यावरून तंटेही होत. पुढे ते ढोराकडे जाई. ढोरांची वस्ती बहुधा बाजाराच्या वा मोठ्या गावी असे. ढोर ते चुन्याच्या पाण्यात मुरवून केस सैल करी, मांस खरवडून काढी आणि धुऊन बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यात ठेवी. नंतर कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करण्यात येई, तीत सालीचा काढा भरून ती टांगली जाई आणि पाझरून खाली पडलेला काढा पुन्हा वरून ओतला जाई. एक दिवस आळस केला तर कातड्यावर डाग पडे. ह्या घाण वासाच्या व श्रमाच्या कामाची सामाजिक किंमत ढोराने मोजली. त्याच्या कौशल्याची किंमत मात्र कोणी मोजली नाही. शरण कक्कय्य हे ढोरांचे आणि संत रोहिदास हे चांभारांचे श्रद्धास्थान आहे.

बलुत्याच्या व्यवस्थेत नवा नमुना काढण्याला उत्तेजन नव्हते. चांभाराने वहाण अधिक सुबक केली म्हणून सुगीला त्याच्या वाट्याचे धान्य वाढत नसे. रोख पैशाने घेतली जाणारी, हौसेची छोटी वस्तू त्याच्यासाठी बाजारातच संभवत होती. लष्करी सामानात तशा कामाची परंपरा होती : म्याने, जिने, खोगिरे आणि काडतुसांचे तोसदान ही बारीक शिलाईची कामे होती. मराठी फौजा विसर्जित झाल्यावर ह्या कामाचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी फौजेच्या मागणीवर कानपूर व मुंबई येथे कारखानदारी उभी राहिली. मुंबईत आदमजी पीरभॉय यांनी धारावीस कातडी कमावण्याचा व लष्करी जोड्यांचा उद्योग चालविला. तमिळनाडूतून आलेल्या मुसलमान कमावणाऱ्यांनी धारावीत भट्ट्या घातल्या. महाराष्ट्रातील चर्मकारांची वस्तीही तेथे वाढली.

पाइपाची पिशवी ही ह्या बाजाराची वस्तू. युरोपात मातीच्या पाइपांबरोबर चामडी पिशव्या पूर्वीपासूनच होत्या. १८५० नंतर फ्रान्समधील सँ-क्लोद येथे ब्रायर लाकडाचे पाइप होऊ लागल्यावर खिशात पाइप बाळगणारा वर्ग वाढला. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी आणि त्यांचे अनुकरण करणारे वकील, डॉक्टर व प्राध्यापक ह्यांच्यामुळे पाइप येथे आला. ह्या पिशवीचे तीन नमुने रूढ आहेत : तोंडाला नाडी असलेली, झाकण दुमडणारी आणि खालच्या कप्प्यात तंबाखू ठेवून गुंडाळत नेण्याची. तिसरा नमुना पाहिला की चंचीची आठवण होते. दोन्हींचा परस्परसंबंध मात्र मानण्याचे कारण नाही, घडी आणि बंध हा उपाय सगळीकडे सुचण्यासारखा आहे.

तिची घडण सोपी दिसते, पण तशी ती नाही. त्यासाठी बकऱ्याचे पातळ कातडे घेतात. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा ताणला जातो. म्हणून झाकण व दर्शनी बाजू पाठीतून बेततात. साचा ठेवून रापीने कापल्यावर दुमडणाऱ्या कडा आतून तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर घडी फुगते. आरीने समान अंतरावर भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याची दोन्ही बाजूंनी शिलाई घालतात. अशा शिलाईत एक टाका तुटला तरी उरलेली शिवण उसवत नाही. यंत्राच्या शिलाईची तशी खात्री नसते. चामड्याचा वास तंबाखूला लागू नये आणि ओल टिकावी म्हणून आत अस्तर असते. पूर्वी ते रबराचे करीत. कातडे चौरस फुटाने विकले जात असल्यामुळे एका कातड्यात किती पिशव्या बसतात व किती कातर वाया जाते, ह्यावर कारागिराची मिळकत ठरते. नमुना आखणाऱ्याची खरी कसोटी येथे आहे. धारावीसारख्या ठिकाणी मात्र आखणारा व शिवणारा बहुधा नगावर मजुरी घेतो आणि वस्तूवर छाप व्यापाऱ्याचा उमटतो. बलुत्यातून सुटका झाली, ती अशा रीतीने अर्धीच.

ह्या साखळीचे दुवे विसाव्या शतकात एकेक करून बदलले. मार्च १९२७ मधील महाड परिषदेच्या वेळी मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा आग्रह धरण्यात आला. ते काम लादलेले असल्यामुळे ह्या निर्धाराचे महत्त्व कच्च्या मालाच्या अडचणीपेक्षा कितीतरी मोठे आहे. दुसऱ्या दिशेने, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या काळात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी मृत जनावरांच्या कातड्यावर चालणारे चर्मालय चालविले. १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने वतनी सेवेचे बंधन संपविले. विजेचे पंप व पुढे डिंभे धरणाचे पाणी आल्यावर आंबेगाव तालुक्यातील मोटही गेली. तिच्यावर जगणाऱ्या हातांना छोट्या वस्तूंचा बाजार हा एक पर्याय होता. पण त्याला भांडवल, चांगले कातडे व विक्रीची जागा लागे. ह्या हेतूने १९७४ मध्ये राज्य शासनाने चर्मोद्योग महामंडळ स्थापन केले. आज ते संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. देवनार येथे १९७१ मध्ये कत्तलखाना हलल्यावर धारावीतील कमावण्याची कामे कमी होत गेली, शिलाईची मात्र टिकली. २०१५ मध्ये बैल व वळू ह्यांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आल्यानंतर कारागिरांचा भर म्हशीच्या व बकऱ्याच्या कातड्यावर वाढला.

पाइप ओढणारे आता थोडे आहेत आणि २००३ च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीस बंदी घातली आहे. त्याच साच्यावर कापलेली पिशवी आज चष्मा, नाणी वा मोबाइलच्या तारा ठेवण्यासाठी विकली जाते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह पाहावयास मिळतो. जुन्या चामडी पिशव्या त्या मानाने क्वचितच टिकतात, कारण पावसाळ्यात बुरशी धरणारे कातडे जपण्यासारखे आहे असे ती वापरणाऱ्यांना वाटले नाही.