‘प्रोलीग’ : कोरियातील संगणकीय व्यूहखेळाची चौदा वर्षे

दक्षिण कोरियातील बुसान शहराचा ग्वांगाल्ली समुद्रकिनारा १७ जुलै २००४ रोजी माणसांनी फुलून गेला होता. निमित्त होते ‘स्टारक्राफ्ट’ या संगणकीय व्यूहखेळाच्या सांघिक अंतिम सामन्याचे. हानबिट स्टार्स या संघाने बलाढ्य एसके टेलिकॉम टी-वनला ४-३ असे पराभूत केले. आयोजकांनी प्रेक्षकसंख्या एक लाख सांगितली. हा आकडा सढळ हाताने दिलेला आहे असे मानले, तरी संगणकावरचा खेळ पाहण्यासाठी एवढा जनसमुदाय लोटण्याचे उदाहरण तोवर जगात नव्हते.

अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने हा खेळ १९९८ मध्ये बाजारात आणला. टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन काल्पनिक जमातींपैकी एक निवडायची, खनिजे गोळा करून तळ उभारायचा, फौज घडवायची आणि प्रतिस्पर्ध्याचा तळ उद्ध्वस्त करायचा, असे त्याचे स्वरूप. बुद्धिबळाशी त्याची तुलना होते. मात्र येथे चाली आळीपाळीने होत नाहीत आणि प्रतिस्पर्ध्याचा पट झाकलेला असतो. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात गल्लोगल्ली ‘पीसी बांग’, म्हणजे तासावर संगणक देणारी केंद्रे निघाली. वेगवान इंटरनेटही झपाट्याने पसरले. २००० मध्ये ऑनगेमनेट ही खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी आणि कोरिया ई-स्पोर्ट्स असोसिएशन (केस्पा) ही संघटना, दोन्ही अस्तित्वात आल्या.

आरंभी स्पर्धा वैयक्तिक होत्या. बक्षीस जिंकणाऱ्याचे निभावत असे, इतरांचे हाल. २००३ मध्ये ऑनगेमनेटने ‘प्रोलीग’ सुरू केली. प्रतिस्पर्धी एमबीसी गेम वाहिनीनेही स्वतःची सांघिक स्पर्धा काढली आणि २००५ मध्ये दोन्हींचे एकत्रीकरण झाले. खेळ मूलतः एकास एक असा. त्याला सांघिक रूप देण्याची युक्ती साधी होती. साधारणतः पाच डावांची लढत. कोणत्या नकाशावर कोण उतरणार हे प्रशिक्षकांनी आधीच कळवायचे. जोडीने खेळण्याचा एक डावही असे. तो २००८-०९ च्या हंगामापासून वगळण्यात आला. बरोबरी झाली, तर निर्णायक डावासाठी हुकमी खेळाडू आयत्या वेळी निवडायचा. हा ‘एस’चा डाव लीगचे खरे आकर्षण ठरला. प्रशिक्षकाने कोणावर भरवसा टाकला, यावरच प्रेक्षकांत वाद रंगत.

लीगने खेळाडूंना नियमित पगार मिळवून दिला, हे तिचे सर्वांत मोठे कार्य म्हणावे लागेल. एसके टेलिकॉम, केटीएफ, सॅमसंग, सीजे, एसटीएक्स अशा उद्योगसमूहांनी संघ बाळगले. अर्थात त्याची किंमत होती. विशीही न गाठलेली मुले संघाच्या वसतिगृहात एकत्र राहत आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करीत. सक्तीच्या लष्करी सेवेने अनेकांची कारकीर्द मध्येच तुटे. त्यावर २००७ मध्ये तोडगा निघाला तो हवाई दलाच्याच संघाचा! सर्वाधिक लोकप्रिय खेळाडू लिम यो-ह्वान गणवेशात ‘एअर फोर्स एस’कडून खेळला. हा संघ बहुधा गुणतक्त्याच्या तळाशीच राहिला. पण त्याच्या एखाद्या विजयालाही टाळ्या अधिक पडत.

या इमारतीचा पाया मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर होता. क्रिकेट खेळण्यासाठी कोणाला स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही. ‘स्टारक्राफ्ट’ ही एका कंपनीची मालमत्ता होती. केस्पाने २००७ मध्ये लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले, तेव्हा ब्लिझार्डने हरकत घेतली. प्रकरण न्यायालयात गेले आणि मे २०११ मध्ये मिटले. दरम्यान, २०१० मध्ये सट्टेबाजांशी संगनमत करून सामने हरल्याचे उघडकीस आले. केस्पाने अकरा जणांवर कायमची बंदी घातली. त्यांत मा जे-युन हा एकेकाळचा विजेताही होता. चाहत्यांचा विश्वास त्यानंतर पूर्ववत झाला नाही.

पुढची पडझड वेगाने झाली. २०११ मध्ये तीन संघ विसर्जित झाले. खेळाडू रस्त्यावर येऊ नयेत म्हणून केस्पाने त्यांतील काहींचा एक संघ स्वतःच चालवला. तोच पुढे ‘जिन एअर ग्रीन विंग्ज’ झाला. एमबीसी गेम वाहिनी २०१२ च्या आरंभी बंद पडून तिच्या जागी संगीतवाहिनी आली. त्याच वर्षी लीग ‘स्टारक्राफ्ट २’कडे वळली. दहा वर्षे एका खेळात मुरलेल्या खेळाडूंना जवळजवळ पहिल्यापासून शिकावे लागले. तरुण प्रेक्षक तोवर ‘लीग ऑफ लेजेंड्स’कडे निघाले होते. २०१५ मध्ये सामनेनिश्चितीचे नवे प्रकरण उघड झाले.

१८ ऑक्टोबर २०१६ रोजी केस्पाने प्रोलीग बंद करीत असल्याचे जाहीर केले. संघ आणि खेळाडूंची घटती संख्या, प्रायोजकांची टंचाई आणि सामनेनिश्चिती ही कारणे देण्यात आली. सातपैकी पाच संघांनी ‘स्टारक्राफ्ट’ विभाग गुंडाळले. त्यांत एसके टेलिकॉम आणि केटी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरीही होते. अखेरच्या हंगामाचे विजेतेपद मिळाले ते जिन एअरला, केस्पाने सावरलेल्या त्याच संघाला.

अनेक जुने खेळाडू मात्र मूळच्या, १९९८ च्या खेळाकडे परतले. आफ्रिकाटीव्ही या संकेतस्थळावर ते घरूनच खेळ दाखवू लागले आणि चाहत्यांच्या देणग्यांवर त्यांची कमाई होऊ लागली. तेथील वैयक्तिक स्पर्धा केटीचा हुकमी खेळाडू ली यंग-हो याने एकापाठोपाठ जिंकल्या. अंगावर संघाचा गणवेश तेवढा नव्हता.