मौखिक इतिहासाच्या ध्वनिचित्रफिती आणि गोंगाटाचे निवारण : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक साधनचिकित्सा

प्रस्तावना :

इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. साधन नाही तर इतिहास नाही, हे सूत्र आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. लिखित, भौतिक आणि मौखिक अशी साधनांची विभागणीही शिकवतो. परंतु मौखिक साधन प्रत्यक्षात आपल्यापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचते, याचा विचार फारसा होत नाही. आज बहुतेक मौखिक साधने कार्यक्रमांच्या चित्रफितींतून मिळतात. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार, गावातील एखादा अमृतमहोत्सव, साहित्य संमेलन अशा प्रसंगी वक्त्यांचे बोलणे कॅमेऱ्यात टिपले जाते. नंतर ते संपादित होते. पंखा, जनरेटर, मंडपातील गलका यांचा आवाज काढून टाकला जातो, मागे संगीत घातले जाते आणि सुबक चित्रफीत तयार होते. मूळ चित्रीकरण पुसून ते कार्ड पुढच्या कार्यक्रमासाठी वापरले जाते.

ध्वनीची ही सफाई केवळ तांत्रिक बाब नसून ते साधनाचे संपादन आहे, आणि म्हणून त्याला साधनचिकित्सेचे नियम लागू झाले पाहिजेत, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१. ध्वनिमुद्रणातील गोंगाट दूर करण्याच्या पद्धतींचा थोडक्यात इतिहास पाहणे.
२. या पद्धतींमुळे मराठी मौखिक साक्षीत कोणते बदल संभवतात, याचा शोध घेणे.
३. महाविद्यालयीन स्तरावर पाळता येईल अशी कार्यपद्धती सुचविणे.

स्थानिक पार्श्वभूमी :

धाराशिव जिल्हा (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव उस्मानाबाद) हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने सोलापूरकडून संस्थानात प्रवेश केला आणि त्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात घेतले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या लढ्याच्या अनेक आठवणी सरकारी कागदपत्रांत नाहीत. सीमेपलीकडील कॅम्पांना भाकरी पोहोचविणाऱ्या स्त्रिया, रात्रीतून गाव सोडणारी कुटुंबे, कारवाईनंतरच्या दिवसांत दोन्ही समाजांतील सामान्य माणसांनी भोगलेले हाल यांचा मोठा भाग केवळ स्मरणात आहे. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. ही साक्ष पुन्हा नोंदविण्याची संधी आता फार थोडी उरली आहे.

दुसरी मोठी घटना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक निद्राधीन असताना झालेल्या भूकंपाने किल्लारीबरोबरच आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त केली. वाचलेल्यांचे त्या काळातील बोलणे चुंबकीय फितींवर असेल, तर त्या फितीही आता तीस वर्षांपलीकडच्या झाल्या आहेत. त्यांचे संगणकीय रूपांतर करताना ‘जरा आवाज स्वच्छ करून घ्या’ असे आपण सहज सांगतो. या सहज सूचनेत काय दडलेले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

गोंगाट निवारणाचा इतिहास :

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला आणि ध्वनी प्रथमच साठवता येऊ लागला. त्याच क्षणी नको असलेला ध्वनीही साठू लागला. चुंबकीय फितीच्या काळात ‘हिस्स’ असा सततचा आवाज ही मोठी अडचण होती. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडन येथे आपली प्रयोगशाळा स्थापन केली आणि फितीवरील हा आवाज कमी करणारी पद्धती प्रचारात आणली. ही पद्धती मुद्रणाच्या वेळीच काळजी घेणारी होती. जुन्या मुद्रणाची दुरुस्ती तिने होत नसे.

जुन्या मुद्रणाच्या दुरुस्तीचे महत्त्वाचे पाऊल थॉमस स्टॉकहॅम या अमेरिकी अभियंत्याने टाकले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एन्रिको कारुसो या गायकाच्या तबकड्यांवर त्यांनी संगणकाच्या साहाय्याने संस्कार केले आणि १९७६ मध्ये त्या नव्याने प्रसिद्ध झाल्या. यातील एक बाब इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. जुन्या कर्ण्यामुळे आवाजात आलेला दोष किती, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या गायकाचे आधुनिक मुद्रण प्रमाण म्हणून वापरण्यात आले. म्हणजे मूळ आवाज ‘कसा असावा’ याचे अनुमान दुसऱ्या आवाजावरून बांधले गेले.

हेच स्टॉकहॅम वॉटरगेट प्रकरणातील तज्ज्ञ समितीचेही सदस्य होते. अध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातील २० जून १९७२ च्या फितीत साडेअठरा मिनिटे संभाषणाऐवजी केवळ गुणगुण ऐकू येत होती. १९७४ मध्ये समितीने त्या भागाचे विश्लेषण करून, तो किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसला गेला असल्याचा निष्कर्ष काढला. येथे शब्द नव्हते, गोंगाटच होता, आणि तोच पुरावा ठरला.

१९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडलेल्या वजाबाकीच्या पद्धतीने आजच्या साध्या सॉफ्टवेअरचा पाया घातला. कोणी बोलत नसतानाच्या तुकड्यावरून गोंगाटाचा नमुना घ्यायचा आणि तो संपूर्ण ध्वनीतून वजा करायचा, हे तिचे तत्त्व. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर २००० साली आले आणि अशा पद्धती घरोघरी पोहोचल्या. २०१८ च्या सुमारास हजारो आवाजांवरून ‘शिकलेली’ साधने उपलब्ध होऊ लागली. त्यांपैकी अगदी अलीकडची काही साधने गोंगाट वजा करून थांबत नाहीत. अस्पष्ट आवाजाच्या जागी संभाव्य आवाज स्वतः रचतात. कारुसोच्या बाबतीत जे एका तज्ज्ञाने विचारपूर्वक केले, ते आता एका बटणावर आणि नकळत घडते.

मराठी साक्षीवर होणारे परिणाम :

या पद्धतींचे दोष सर्वच भाषांना लागू असले, तरी मराठीच्या रचनेमुळे त्यांना विशेष गांभीर्य प्राप्त होते. त्याची तीन अंगे येथे विचारात घेतली आहेत.

(अ) नकाराचा लोप : मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ‘आम्ही गाव सोडलं नाही’ या वाक्याचा सर्व अर्थ शेवटच्या शब्दावर अवलंबून आहे. वृद्ध माणसाचा आवाज वाक्याच्या अखेरीस खाली जातो, श्वास संपत आलेला असतो, ग्रामीण बोलीतील ‘न्हाई’ ओठांतल्या ओठांत उच्चारले जाते. सॉफ्टवेअरमधील ‘नॉईज गेट’ ही सोय ठरावीक पातळीखालचा आवाज सरळ बंद करते. तिच्या दृष्टीने तो ‘न्हाई’ आणि पंख्याची घरघर यांत फरक नाही. परिणामी ‘आम्ही गाव सोडलं’ एवढेच शिल्लक राहते. वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असल्याने ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. साक्ष मात्र उलटी झालेली असते. रझाकारांच्या काळात कोण गावात राहिले आणि कोण निघून गेले, हा प्रश्न या भागात आजही नाजूक आहे. अशा ठिकाणी एका अक्षराची चूक ही एका कुटुंबाच्या इतिहासाची चूक होऊ शकते.

(आ) नामांचा संभ्रम : क, ट, त, च, स यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा स्वरांच्या तुलनेने अल्प असते. गोंगाटाची वजाबाकी जास्त झाली की प्रथम ही व्यंजने झिजतात. आपल्या जिल्ह्यात भूम तालुक्यात ईट, कळंब तालुक्यात इटकूर आणि तुळजापूर तालुक्यात इटकळ अशी गावे आहेत. यांपैकी इटकळ हे सोलापूर-नळदुर्ग मार्गावर, म्हणजे १९४८ च्या सैनिकी हालचालींच्या वाटेवर आहे. इटकूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. उत्तरपद झिजले, तर घटनेचे स्थळच बदलते. जिल्ह्याबाहेरच्या लेखनिकाला ही गफलत लक्षात येणेही अवघड.

(इ) मौनाची कपात : चित्रफीत ‘रटाळ’ होऊ नये म्हणून रिकाम्या जागा कापल्या जातात. भूकंपात घर गमावलेली व्यक्ती बोलता बोलता थांबते, तेव्हा ती जागा रिकामी नसते. प्रश्न विचारल्यावर किती वेळाने उत्तर आले, हीदेखील साक्षच असते.

गोंगाट हेही साधन :

नको असलेला प्रत्येक ध्वनी निरर्थक असतोच असे नाही. पुण्याचे गी पॉयटव्हाँ आणि हेमा रायरकर यांनी संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. २०१७ पासून तो ‘परी’ या संकेतस्थळावरून प्रकाशित होत आहे. जात्यावर बसून गायिलेल्या ओवीमागे दगडाची घरघर असते. यंत्राच्या दृष्टीने ती एकसुरी, सतत आणि म्हणून काढून टाकण्यास सर्वांत सोपी. पण ओवीची लय त्या फिरण्यातूनच आलेली आहे. घरघर काढल्यावर उरते ते गाणे, श्रम उरत नाहीत.

तुळजापुरात नवरात्रात घेतलेल्या गोंधळ्याच्या मुलाखतीमागे संबळ वाजत असेल, किंवा भूकंपग्रस्ताच्या बोलण्यामागे पत्र्याच्या शेडवर पडणारा पाऊस ऐकू येत असेल, तर तो ध्वनी मुलाखतीचे स्थळ-काळ सांगतो. इतकेच काय, विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेची गुणगुणही उपयुक्त आहे. ती वारंवारिता क्षणोक्षणी किंचित बदलत असते. त्या चढउतारांची स्वतंत्र नोंद उपलब्ध असल्यास, मुद्रण केव्हा झाले आणि मध्ये काही कापले गेले काय, हे न्यायवैद्यक तज्ज्ञ पडताळू शकतात. आपण मात्र प्रथम तीच पुसतो.

सुचविलेली कार्यपद्धती :

याचा अर्थ सफाई करूच नये असा नाही. न समजणारी फीत कोणी ऐकत नाही आणि न ऐकलेली साक्ष नसल्यातच जमा होते. प्रश्न शिस्तीचा आहे. ती शिस्त आपल्या परंपरेत आहेच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात वर स्वीकृत पाठ आणि खाली पाठभेद दिले आहेत. संपादकांनी निवड केली, पण नाकारलेले पाठ नष्ट केले नाहीत. ध्वनीच्या बाबतीतही हेच तत्त्व स्वीकारता येईल. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही जतनाच्या प्रतीवर गोंगाट निवारण करू नये असेच सांगतात. त्या अनुषंगाने पुढील गोष्टी आपल्या महाविद्यालयांना सहज शक्य आहेत.

१. मूळ ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या प्रमाणात वेव्ह स्वरूपात ठेवावा. एका माईकच्या एक तासाच्या मुलाखतीस सुमारे अर्धा जीबी जागा लागते. ही जागा आज महाग नाही.
२. मुलाखतीपूर्वी त्याच जागी अर्धा मिनिट कोणी न बोलता मुद्रण करावे. गोंगाटाचा नमुना त्यातून मिळतो. कॅमेऱ्यातील दूरच्या माईकऐवजी वक्त्याजवळ कॉलर माईक लावावा आणि शक्य असल्यास पंखा बंद करावा. मुद्रणावेळची ही काळजी नंतरच्या कोणत्याही सफाईपेक्षा श्रेष्ठ आहे.
३. सफाई प्रतीवरच करावी व ती मर्यादित असावी. ६ ते १२ डेसिबलची घट पुष्कळदा पुरेशी होते. आवाज पाण्याखालून आल्यासारखा किंवा धातूसारखा टुणटुणू लागला की मर्यादा ओलांडली असे समजावे.
४. लिप्यंतर मूळ ध्वनी ऐकूनच करावे. नकार, विशेषनामे, आकडे आणि वर्षे यांची दुहेरी तपासणी करावी. संदिग्ध शब्द चौकटी कंसात द्यावेत.
५. कोणते सॉफ्टवेअर, कोणती प्रक्रिया, कोणी आणि केव्हा केली, याची नोंद प्रतीसोबत ठेवावी.
६. शक्य असेल तेथे संपादित चित्रफीत साक्षीदारास किंवा त्याच्या कुटुंबीयांस ऐकवावी. ‘मी असं म्हटलं नव्हतं’ असे सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, ध्वनीची सफाई हे संपादन असून संपादकाची जबाबदारी ती करणाऱ्यावर येते. दुसरा, मराठीत नकार वाक्याच्या अखेरीस येत असल्याने सफाईतून अर्थाचा विपर्यास होण्याचा धोका वास्तव आहे. तिसरा, पार्श्वध्वनी हा प्रसंगी स्वतंत्र पुरावा असतो. चौथा, मूळ प्रत जपली तर यांतील प्रत्येक चूक पुढे दुरुस्त करता येते. ती पुसली तर एकही नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अशा मोठ्या सोहळ्यांचे चित्रीकरण अनेकांकडे असते. मात्र एखाद्या खेड्यात शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलेल्या आठवणीची प्रत एकच असते, आणि ती बहुधा आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये असते. इतिहास विभागांनी येत्या १७ सप्टेंबरपूर्वी एवढे जरी ठरविले की कार्यक्रमाची मूळ फीत पुसायची नाही आणि ती ग्रंथालयात दाखल करायची, तरी खाली गेलेल्या आवाजातला तो शेवटचा ‘न्हाई’ पुढच्या संशोधकाला ऐकता येईल.