एका ओळीच्या प्रार्थनेची कुळकथा

ख्रिस्ती परंपरेत एक प्रार्थना अशी आहे, की ती म्हणायला एक श्वास पुरतो. येशूला प्रभू आणि देवाचा पुत्र म्हणून हाक मारायची आणि आपल्या पापी जिवावर दया कर, एवढे मागायचे. मग तेच पुन्हा, दिवसभर. ‘येशूची प्रार्थना’ असे तिचे नाव. ग्रीसमधल्या आथोस डोंगरावरचे साधू लोकरीच्या गाठींच्या माळेवर ती म्हणतात. इतरत्र ती मनःशांतीसाठी शिबिरांतूनही शिकवली जाते. मराठी वाचकाला नामस्मरण आठवेल आणि साम्य आहेही. पण हिचे कूळ वेगळे आहे. ते इजिप्तच्या वाळवंटात सापडते आणि अशा प्रार्थनेचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन येते, ते मूर्तिपूजेवरून पेटलेल्या एका भांडणाला लागूनच. दगडाच्या मूर्ती तोवर बऱ्याच ठिकाणी फुटल्या होत्या. भांडण डोक्यातल्या मूर्तीवरून होते.

कैरो आणि अलेक्झांड्रिया यांच्यामध्ये वादी नत्रून नावाचा खोलगट, खारट पाण्याच्या तळ्यांचा पट्टा आहे. जुने नाव स्केतिस. इसवी सन ३३०च्या सुमाराला मकारियस नावाचा तापस तिथे राहायला गेला आणि त्याच्यामागे शेकडो लोक गेले. आजही तिथे चार कॉप्टिक मठ नांदते आहेत. या तापसांचा दिनक्रम साधा होता. खजुरीची पाने भिजवायची, त्यांचे दोर वळायचे, टोपल्या विणायच्या, त्या विकून भाकरी मिळवायची. पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला निरंतर प्रार्थना करायला सांगितले होते. हे लोक ती आज्ञा शब्दशः पाळू पाहत होते. पण हाताला काम, पोटाला भूक आणि डोळ्यांवर झोप असताना निरंतर म्हणजे नेमके काय करायचे?

लुसियस नावाच्या अब्बाने, म्हणजे वडीलधाऱ्या तापसाने, याचे एक उत्तर दिले होते. काही साधू त्याच्याकडे आले आणि आम्ही कामधाम करत नाही, फक्त प्रार्थना करतो, असे ऐटीत म्हणाले. त्याने विचारले, जेवता का? झोपता का? मग तेवढा वेळ तुमच्या वाट्याची प्रार्थना कोण करतो? त्यांना उत्तर देता येईना. तेव्हा लुसियसने आपली रीत सांगितली. पाने भिजवून दोर वळायला बसले, की तो दया मागणाऱ्या स्तोत्रातले शब्द घोळवत राही. मालाचे पैसे आले, की दोन नाणी दाराबाहेर ठेवी आणि उरलेल्यांत पोट भरी. जो गरीब ती नाणी उचलेल, तो माझ्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी माझ्यासाठी प्रार्थना करील, असा त्याचा हिशेब. थोडक्या शब्दांची प्रार्थना ही अशी कामाच्या हातांशी जोडलेली होती. मकारियसही विचारायला येणाऱ्यांना हेच सांगे: लांबलचक बोलू नका, हात पसरा आणि देवाची दया मागा, फारच अडचण आली तर नुसती मदत मागा.

याच वाळवंटात ३८३च्या सुमाराला इव्हाग्रियस नावाचा बुद्धिमान माणूस येऊन राहिला. कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत त्याने वादविवादात नाव कमावले होते. इथे त्याने स्वतःचे मन तपासायला घेतले. माणसाला छळणाऱ्या विचारांची त्याने आठ कुळे लावली: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व. पुढे पश्चिमेत जी सात महापापे प्रसिद्ध झाली, त्यांचा मूळ आराखडा हाच. ही आठही कुळे शमली, की मन निश्चल होते आणि मग खरी प्रार्थना सुरू होते, असे तो म्हणे. प्रार्थनेवरच्या आपल्या छोट्या ग्रंथात, १५३ कलमांत, त्याने एक कडक अट घातली: प्रार्थना करताना देवाचे कोणतेही रूप मनात उभे करायचे नाही. ज्याला आकार नाही, त्याला आकार दिला, की आपण आपल्याच कल्पनेपुढे डोके टेकतो.

इव्हाग्रियससारख्या शिकलेल्यांना हे जमत होते. बहुसंख्य साधू मात्र साधे, भोळे शेतकरी होते. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, असे बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. मग देवाला चेहरा आणि हात असणारच, असे त्यांना वाटे. ३९९ साली अलेक्झांड्रियाचा बिशप थिऑफिलस याने वार्षिक पत्रात या समजुतीवर तुटून पडून ती चुकीची ठरवली. काही वर्षांपूर्वी शहरातले सेरापिसचे मोठे देऊळ याच्याच काळात पाडले गेले होते. आता पाळी भाविकांच्या मनातल्या मूर्तीची होती.

पुढचा प्रसंग योहान कॅसियनने लिहून ठेवला आहे. तो त्या काळात जर्मानस या मित्राबरोबर स्केतिसमध्ये राहत होता. तिथल्या मंडळ्यांत हे पत्र वाचायलाच नकार मिळाला. फक्त पाफ्नुतियस नावाच्या अब्बाच्या मंडळीत ते वाचले गेले. तिथे सेरापियन नावाचा एक वृद्ध तापस होता, आचरणात चोख, सगळ्यांना आदरणीय. त्याला ही शिकवण पटेना. तेव्हा कप्पदुकियाहून आलेल्या फोटिनस नावाच्या विद्वान डीकनने त्याला शास्त्राचे दाखले देऊन समजावले. सेरापियनला पटले. सगळ्यांना आनंद झाला आणि सगळे प्रार्थनेला उभे राहिले. पण इतकी वर्षे जे रूप समोर धरून तो प्रार्थना करत आला, ते आता समोर नव्हते. तो जमिनीवर कोसळला आणि हुंदके देऊन रडू लागला. आपला देवच या लोकांनी नेला, आता धरायचे कुणाला आणि पाया पडायचे कुणाच्या, हेच त्या म्हाताऱ्याला कळेना.

कॅसियन आणि जर्मानस हादरून अब्बा इसहाककडे गेले. इसहाक म्हणाला, ही जुन्या देवळांतली सवय आहे. माणसाच्या आकारातल्या दैवतांची पूजा करता करता जी जडली, ती इतक्या लवकर जात नाही. जर्मानसचा प्रश्न मात्र व्यवहारी होता. मुलांना अक्षरे शिकवताना आधी कित्ता देतात, तसे देवाचे स्मरण टिकवायला आम्हाला काहीतरी हातात द्या. नाहीतर मन भरकटते आणि कुठून निघालो, तेही आठवत नाही.

इसहाकने जे दिले, ती एक ओळ होती. जुन्या वडिलांकडून आलेली आणि फक्त मनापासून तहानलेल्यांनाच सांगायची, अशी. सत्तराव्या स्तोत्राची ती सुरुवात: देवाने मदतीला यावे आणि लवकर यावे. मग ती कुठे कुठे म्हणायची, हे तो सांगत सुटतो. वाळवंटात न मिळणाऱ्या पक्वान्नांची आठवण येते, तेव्हा. जेवणाची वेळ होऊनही अन्नाची शिसारी येते, तेव्हा. पोथी वाचताना डोके ठणकते आणि झोपेने तोंड पानावर आपटते, तेव्हा. रात्रभर डोळा लागत नाही, तेव्हा. राग आला तरी, आणि राग आवरल्याचा गर्व झाला तरीही. झोपताना तीच ओळ तोंडात असावी आणि उठताना तीच पहिली यावी. सेरापियनच्या रिकाम्या झालेल्या हातांसाठी म्हणून ही ओळ आली, असे कॅसियन थेट म्हणत नाही. पण दोन्ही गोष्टी त्याने एकाच प्रकरणात गुंफल्या आहेत आणि त्या गुंफण्यातच सारे आले. मूर्ती काढून घेतली, तर भक्ताला धरायला काहीतरी लागते. ज्याला आकार नाही आणि जे कधी पुरे होत नाही, असे धरायला काय द्यायचे? मदतीची हाक. तिच्यात देवाचे चित्र नाही, फक्त आपली गरज आहे.

या धर्मचर्चेचा शेवट मात्र राजकारणात झाला. चिडलेले साधू अलेक्झांड्रियावर चालून गेले, तशी थिऑफिलसने बाजू बदलली आणि इव्हाग्रियसच्या विचारांच्या लोकांनाच वाळवंटातून हाकलले. इव्हाग्रियस त्याआधीच, ३९९च्या आरंभी, वारला होता. पुढे ५५३च्या सुमाराला चर्चने त्याला पाखंडी ठरवले. प्रार्थनेवरचा त्याचा ग्रंथ वाचला तो संत नीलसच्या नावावर खपला म्हणून. कॅसियन परागंदा होऊन कॉन्स्टँटिनोपलमार्गे ४१५च्या सुमाराला फ्रान्सच्या किनाऱ्यावर मार्सेयला पोचला. तिथे त्याने वाळवंटातल्या संवादांचे लॅटिन पुस्तक लिहिले. इथून कुळाच्या दोन शाखा झाल्या.

पूर्वेकडच्या शाखेत ओळ बदलली. शुभवर्तमानातला जकातदार स्वतःला पापी म्हणवून दया मागतो आणि आंधळा बार्तीमय येशूला नावाने हाका मारतो. या दोन आर्जवांच्या मिश्रणातून येशूची प्रार्थना घडत गेली. पाचव्या शतकात डायडोकसने मनाला गुंतवायला प्रभू येशूचे नाव सांगितले. सातव्या शतकात सिनाय डोंगरावरच्या योहान क्लिमाकसने हे स्मरण श्वासाला बांधायला सांगितले. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी पवित्र चित्रांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा चित्रांची बाजू हिरिरीने लढवणाऱ्यांत साधूच पुढे होते. ७८७च्या निकाया परिषदेने निवाडा दिला: चित्राला मान, आराधना फक्त देवाची. पण त्याच मठांत, भिंतीवर येशूचे चित्र लावलेल्या खोलीत, डोळे मिटल्यावर मात्र मनात येशूचेही रूप येऊ द्यायचे नाही, हा नियम कायम राहिला. चौदाव्या शतकात सिनायच्या ग्रेगरीने तर दिसलेला प्रकाश किंवा देवदूतही स्वीकारू नका, असे बजावले. भिंतीवरचे चित्र पूर्वजांकडून आलेले असते; मनातले आपणच रंगवतो, म्हणून ते जास्त धोक्याचे.

त्याच शतकात आथोसवर साधू हनुवटी छातीला टेकवून, श्वास आवरून ही ओळ म्हणत. कॅलाब्रियाहून आलेल्या बार्लाम या विद्वानाने त्यांना बेंबीत आत्मा शोधणारे म्हणून हिणवले. ग्रेगरी पालामासने त्यांची बाजू मांडली आणि १३४१ व १३५१च्या परिषदांनी ती उचलून धरली. पुढे १७८२ मध्ये व्हेनिसला ‘फिलोकालिया’ हा या परंपरेचा मोठा संग्रह ग्रीकमध्ये छापला गेला आणि तिथून तो रशियात पोचला. रशियातल्या एका अनामिक यात्रेकरूच्या कथनात गुरू त्याला दिवसाला तीन हजार, मग सहा, मग बारा हजार वेळा ही ओळ म्हणायला लावतो. हे पुस्तक १९६१च्या सॅलिंजरच्या ‘फ्रॅनी अँड झुई’मधून अमेरिकेतल्या तरुणांच्याही हाती गेले.

पश्चिमेकडे मात्र ओळ तशीच राहिली आणि तिची साधना विसरली गेली. संत बेनेडिक्टने कॅसियनचे पुस्तक मठांत वाचायला लावले. सत्तराव्या स्तोत्राची ती सुरुवात रोजच्या प्रत्येक प्रार्थनाप्रहराच्या तोंडी बसली. जी दिवसभर घोळवायची, ती एकदा म्हणून पुढे जायची झाली. विसाव्या शतकात जॉन मेन या ब्रिटिश अधिकाऱ्याला मलायात स्वामी सत्यानंदांनी एका शब्दावर ध्यान करायला शिकवले. पुढे तो बेनेडिक्टाइन साधू झाला, तेव्हा वरिष्ठांनी ते ख्रिस्ती नाही म्हणून सोडायला लावले. त्याने सोडले. काही वर्षांनी कॅसियन वाचताना तीच रीत त्याला इसहाकच्या तोंडी सापडली. महाराष्ट्रात हे सूत्र मुंबईत जन्मलेल्या जेज्वीट अँथनी डिमेलो यांनी हाती घेतले. आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला त्यांच्या साधना संस्थेत श्वास, मौन आणि येशूची प्रार्थना एकत्र शिकवली गेली. १९७८चे त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक जगभर गेले. त्यांच्या निधनानंतर, १९९८ साली, त्यांच्या लेखनातल्या काही मतांबद्दल व्हॅटिकनने जाहीर सावधगिरीची सूचना काढली.

व्हॅटिकनने त्याआधी, १९८९ साली, ध्यानाच्या पद्धतींवर एक पत्र काढले होते. देहाला मिळणारा निवांतपणा आणि सुखद ऊब यांनाच पवित्र आत्म्याचा स्पर्श समजू नका, असे त्यात बजावले आहे. पत्रातल्या इतर गोष्टींवर वाद होऊ शकतो. ही गोष्ट मात्र वाळवंटातल्या अब्बांनी एका दमात मान्य केली असती. शांती मिळावी म्हणून ओळ घोळवली, की शांतीचीच मूर्ती होते आणि ती हलली, की माणूस पुन्हा सैरभैर होतो. इव्हाग्रियसची कसोटी निराळी होती. प्रार्थनेचे मूळ त्याने सौम्यपणात आणि न रागावण्यात शोधले. शेजारच्या झोपडीतल्या भावाचा राग मनात ठेवून बसणाऱ्याला कितीही निवांत वाटले, तरी त्याची प्रार्थना अजून सुरूच झालेली नाही, असे तो मानी.