घरीं घडविलेलें स्वादुपिंड

भिवंडींत जन्म काढलेल्या माणसाची झोंप यंत्रमागांच्या खडखडाटानें मोडत नाहीं. माग एकाएकीं बंद पडले म्हणजे मात्र तो दचकून उठतो. ज्या घरांत मधुमेहानें ग्रासलेलें लहान मूल आहे, त्या घरांतील आईसही असेंच शांततेचें भय असतें. हा मधुमेह उतारवयांत जडणारा नव्हे. यांत शरीर आपल्याच स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करितें, आणि पुढें तें द्रव्य जन्मभर बाहेरूनच घ्यावें लागतें. तें थोडें कमी पडलें तर रक्तांत साखर सांचते. थोडें अधिक झालें तर ती उतरते, आणि झोंपेंत फार उतरली तर मूल हांक न मारतांच बेशुद्ध होतें. म्हणून रात्रीं दोन वाजतां उठून निजलेल्या मुलाच्या बोटास सुई टोंचणें हें अशा कित्येक घरांतील नित्यकर्म होऊन बसतें. तें काम यंत्रावर सोंपवितां येईल काय, या प्रश्नाचा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं १९२१ सालीं इन्सुलिन शोधून काढलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड टॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास दिलेली पहिली मात्रा जवळजवळ वायां गेली. कॉलिप यांनीं अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हां सुई टोंचली तेव्हां गुण आला. मरण टळलें, परंतु रोज किती द्यावयाचें हें गणित रोग्याच्या गळ्यांत पडलें. या रोगांत रोग्यास अर्धा वैद्य व्हावेंच लागतें. आपल्याकडे डॉ. एस. एस. आजगांवकर यांनीं १९५५ सालीं मुंबईंत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली.

यंत्राकडून हें गणित करविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत आर्नल्ड कॅडिश यांनीं १९६३ च्या सुमारास रक्तांतील साखर मोजून त्याप्रमाणें इन्सुलिन सोडणारें यंत्र रचिलें. तें पाठीवर वाहावें लागे. पुढच्या दशकांतील बायोस्टेटर रुग्णशय्येशेजारीं ठेवण्याजोगा होता, घरीं नेण्याजोगा नव्हता. नंतर कमरेस लावण्याचा इन्सुलिनचा पंप आला, कातडीखालीं बसून दर पांच मिनिटांनीं साखर सांगणारा सेन्सरही आला. पण या दोघांची परस्परांशीं बोलाचाली नव्हती. मधला निरोप्या रोगीच. आणि निरोप्या रात्रीं झोंपतो.

येथें कथेंत दोन सामान्य माणसें प्रवेश करितात. न्यूयॉर्क संस्थानांतील जॉन कॉस्टिक नांवाच्या एका पित्यानें, आपण कामावर असतां मुलाची साखर दिसावी म्हणून, १९१३ नव्हे, अगदीं परवांपरवां, २०१३ सालीं सेन्सरच्या ग्राहकयंत्रांतील आंकडे बाहेर काढण्याची युक्ति साधिली. सिएटल येथें एकट्या राहणाऱ्या डॅना ल्यूइस या मधुमेही तरुणीस वेगळीच चिंता होती. तिच्या सेन्सरचा इशारा इतका मंद असे कीं तिची झोंपच मोडत नसे. कॉस्टिक यांची युक्ति मिळतांच तिनें व तिचे भावी पति स्कॉट लीब्रँड यांनीं प्रथम केवळ मोठ्यानें ओरडणारा गजर केला. मग पुढील कांहीं तासांत साखर कोठें जाईल याचें भाकित करणारें गणित त्यास जोडलें. डिसेंबर २०१४ मध्यें बेन वेस्ट यांच्या साह्यानें तें गणित थेट पंपाशीं जोडलें जाईल हें गजर करतेवेळीं कोणाच्या मनांत नव्हतें. फेब्रुवारी २०१५ मध्यें ही सारी रचना त्यांनीं ‘ओपनएपीएस’ या नांवानें जगास विनामूल्य खुली केली.

यांतील एक विनोद सांगण्यासारखा आहे. पंपास बाहेरून आज्ञा देतां येत असे ती कांहीं जुन्या पंपांतील एका दोषामुळें: आज्ञा कोण देतो याची खातरजमा ते करीत नसत. निर्मात्यांस जें न्यून वाटलें, त्याच्याच शोधांत रोगी जुने पंप धुंडाळीत फिरले! जून २०१९ मध्यें ते पंप धोक्याचे म्हणून परत मागविण्यांत आले.

आतां या यंत्राची रीत. दर पांच मिनिटांनीं तें साखर वाचतें, आधीं दिलेल्यापैकीं किती इन्सुलिन अंगांत अद्याप शिल्लक आहे हें पाहतें, आणि पंपाचा मंद प्रवाह वाढवितें किंवा थांबवितें; परंतु ही आज्ञा अर्ध्या तासापुरतीच असते. मधला संबंध तुटला तर ती मुदत संपतांच पंप आपल्या नेहमींच्या ठरलेल्या गतीवर येतो. आमच्या मागांवर बाण्याचा धागा तुटला म्हणजे माग आपोआप थांबविणारी योजना असते, तिचीच ही बहीण म्हणावयाची. बिघाड होणार हें धरूनच यंत्र रचावें, हा शहाणपणा ल्यूइसबाईंस व मागवाल्यांस सारखाच सुचला.

तथापि कांहीं बिघाड यंत्रास कळतच नाहींत. मूल सेन्सरवर कुशी करून निजलें कीं दाबामुळें आंकडा खोटाच खालीं येतो. यंत्र इन्सुलिन बंद करितें, आणि पहांटे साखर चढलेली आढळते. याहून वाईट म्हणजे कातडीखालील बारीक नळी मुडपणें. पंप म्हणतो, दिलें; गणित म्हणतें, अंगांत पुष्कळ आहे; शरीरांत मात्र थेंबही पोंचलेला नसतो, आणि कांहीं तासांत रक्तांत विषारी आम्ल सांचूं लागतें. मे महिन्यांत येथील पत्र्याखालच्या खोलींत उष्म्यानें इन्सुलिनच निकामी झालें, तरी यंत्रास तें पाणी कीं औषध हें उमगत नाहीं. अशा वेळीं बोटाचें रक्त तपासून, नळी बदलून, साध्या सुईनें मात्रा देणें हाच उपाय; म्हणजे जुनी विद्या विसरून चालत नाहीं. युरोपांत निघालेल्या ‘अँड्रॉइडएपीएस’च्या कर्त्यांनीं हें ओळखून पायऱ्या घातल्या: प्रथम यंत्रानें केवळ सल्ला द्यावा, मग साखर उतरूं लागल्यास प्रवाह थांबवावा, आणि सर्व कारभार त्याच्या हातीं शेवटींच द्यावा.

घरगुती यंत्रावर मुलाचा जीव सोडावा काय? मे २०१९ मध्यें अमेरिकेच्या औषध प्रशासनानें, अशा एका जुळणींत एका रोग्यास इन्सुलिनची मात्रा अतिरिक्त झाली म्हणून, जाहीर इशारा दिला. तो अनाठायीं नव्हता. उलट पक्षीं न्यूझीलंडमध्यें ९७ रोग्यांवर २४ आठवडे झालेल्या परीक्षेचा वृत्तांत २०२२ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत ही रचना वापरणारांची साखर इतरांपेक्षां रोज सुमारें तीन तास वीस मिनिटें अधिक काळ योग्य मर्यादेंत राहिली. मला स्वतःस हा आंकडा महत्त्वाचा वाटतो तो निद्रेमुळें. आमच्याकडील अडचण मात्र प्रथम पैशाची आहे. गणित फुकट मिळतें, पण पंपास लाखांच्या घरांत रक्कम लागते आणि दहा-चौदा दिवसांत संपणाऱ्या सेन्सरास कांहीं हजार रुपये. तेव्हां येथील बहुतेक आयांच्या हातीं अद्याप सुई, पट्टी व घड्याळाचा गजर एवढेंच आहे.

त्याच औषध प्रशासनानें जानेवारी २०२३ मध्यें, रोग्यांनींच रचलेल्या ‘लूप’ नामक योजनेवरून टाइडपूल या ना-नफा संस्थेनें सिद्ध केलेल्या रचनेस मान्यता दिली. त्या वेळीं सिएटलच्या दाम्पत्याचें यंत्र चालूं होऊन आठ वर्षें लोटलीं होतीं.