साळा व्हती, सवड नव्हती

मागच्या महिन्यात मी फोनवर स्पॅनिश शिकायचं ॲप टाकलं. पहिल्याच धड्यात शब्द आला 'एस्क्वेला', म्हणजे शाळा. मी मोठ्यानं म्हणून बघितलं, तर शेजारी बसलेली आजी हसली. "आरं, हे तर आपलं इस्कूल!"

आजीचं बरोबर निघालं. मूळ ग्रीक शब्द 'स्खोले', त्यावरून लॅटिन 'स्कोला'. शब्दाची सुरुवात 'स्क'नं करायला स्पॅनिश माणसाची जीभ अडते, म्हणून तो आधी 'ए' लावतो. आपण 'इ' लावतो. त्याच घराण्यातलं पोर्तुगीज 'एस्कोला' गोव्यात कोकणीत 'इस्कोल' झालं.

आता 'स्खोले'चा पहिला अर्थ ऐका : सवड. कामातून मोकळा वेळ. ज्यांना तो मिळायचा ते बसून चर्चा करायचे. मग त्या चर्चेला आणि पुढे चर्चेच्या जागेलाच हा शब्द चिकटला. ही सवड आली कुठून? अथेन्समध्ये घरात, शेतात गुलाम राबत होते, तिथून.

आपली 'शाळा' संस्कृत 'शाला'वरून आली. अर्थ घर, दालन. गोशाळा, धर्मशाळा, टंकशालेची टाकसाळ. ग्रीकांनी वेळेवरून नाव ठेवलं, आपण जागेवरून.

मुलींसाठी ही जागा नगरला लवकर झाली. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८३९ मध्ये इथे आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला फरारबाईंकडेच नगरला आल्या होत्या.

मी आजीला विचारलं, "गावात शाळा होती ना? मग तू का नाही गेलीस?"

"साळा व्हती की. सवड कुठं व्हती? धाकटा भाऊ काखंत आन् शेरडं म्होरं."

ग्रीक न शिकता तिनं अख्खा शब्द समजावला!

आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोरंही बरोबर जातात. त्यांच्यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. म्हणजे जागा पोरांच्या मागे गेली. पण कोपीवर धाकट्याला सांभाळत बसलेल्या पोरीला सवड कोण देणार?

आज घरी आजीला विचारा. शाळा किती लांब होती, हे नंतर. आधी विचारा, सवड होती का?